हिवाळी पाऊस आणि मोटारीवरचे छप्पर

पाऊस आला की माल झाकावा, हे दाणेबाजारातील माणसास कोणी शिकवावे लागत नाही. मृग लागण्याच्या आत ताडपत्र्यांची भोके सांधून घ्यावी, वखारीच्या कौलांवरून एकदा माणूस फिरवावा, पन्हळी साफ कराव्या आणि पोत्यांची थप्पी भिंतीपासून हातभर दूर ठेवावी, ही आमच्या धंद्याची बाराखडी होय. या सवयीमुळे एखादी वस्तू पावसात उभी दिसली की आमचा जीव वरखाली होतो. ती वस्तू आपली नसली तरी होतो. परंतु जी वस्तू मुळातच ऊनपावसात धावण्यासाठी बनविलेली आहे, ती उभी असताना तिच्यावर छप्पर असावे म्हणून दरमहा पदरचे पैसे मोजावे काय, हा प्रश्न आमच्या बाराखडीत बसणारा नव्हता. तो आमच्यासमोर आला तो बेळगावात नव्हे, तर सातासमुद्रापलीकडे.

आपल्या व्यापारी घरांतील कित्येक मुले-मुली संगणकाच्या नोकरीनिमित्त अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात स्थायिक झाली आहेत. कोणी सिएटल शहरात, कोणी त्याच्या शेजारच्या रेडमंड व बेलव्ह्यू या उपनगरांत, कोणी दक्षिणेस पोर्टलंडजवळच्या हिल्सबोरो गावी, तर कोणी सरहद्दीपलीकडे कॅनडातील व्हँकूवरला. आमचे चिरंजीवही सिएटलच्या पूर्वेकडील उपनगरात राहतात, आणि त्यांच्या बिऱ्हाडी आम्ही उभयतांनी दोन हिवाळे काढले आहेत. तेथे भाड्याचे घर घेताना वसाहतीच्या कचेरीत एक प्रश्न हमखास विचारला जातो: मोटार उघड्यावर उभी करणार, की छपराखाली? उघडी जागा बहुधा घरासोबत मिळते. छपराखालची जागा, जिला तिकडे ‘कव्हर्ड पार्किंग’ म्हणतात, तिचे भाडे वेगळे. नुसत्या खांबांवर पत्रा घातलेली जागा असेल तर भाडे कमी. चारी बाजूंनी भिंती व पुढे दार असलेला मोटारखाना असेल तर पुष्कळ अधिक.

चिरंजीवांच्या वसाहतीत पत्र्याखालच्या जागेचे भाडे महिना ७५ डॉलर होते. वर्षाचे ९०० डॉलर. पाच वर्षे गाडी ठेवली तर ४,५०० डॉलर. रुपयात गुणाकार करून पाहण्याची आमची सवय मुलांस आवडत नाही, ती म्हणतात, “आप्पा, इथे मिळवतो, इथे खर्च करतो, गुणू नका.” म्हणून डॉलरातच बोलू. परंतु ४,५०० डॉलर ही रक्कम तेथेही कोणी रस्त्यावर टाकीत नाही. एवढे देऊन माणसाच्या पदरात काय पडते, हे पाहणे व्यापाऱ्याचे कामच आहे.

प्रथम त्या पावसाचे स्वरूप सांगितले पाहिजे. कारण ‘पाऊस’ हा शब्द आपण व ते लोक एकाच अर्थाने वापरीत नाही. सिएटलचा वर्षाचा पाऊस सरासरी १,००० मिलिमीटरच्या आसपास आहे, पोर्टलंडचा त्याहून थोडा कमी. बेळगावात सुमारे १,३०० मिलिमीटर पडतो. म्हणजे पावसाचे गाव म्हणून ज्याची जगभर ख्याती, त्या गावी आपल्यापेक्षा कमीच पाणी पडते! अंतर आहे ते पडण्याच्या रीतीत. आपल्याकडे आषाढ-श्रावणात आभाळ फाटते, गटारे तुंबतात, आणि उघडीप मिळताच दोन तासांत अंगण कोरडे होते. तेथे उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो; ऑक्टोबरात भुरभुर सुरू होते ती मार्च-एप्रिलपर्यंत चालते. वर्षातून दीडशेहून अधिक दिवस पाऊस लागतो, पण तो असा बारीक की पत्र्यावर आवाजही होत नाही. थंडी बेताची. डिसेंबरात दुपारी ८ अंश, पहाटे ३ अंशांच्या आसपास. बर्फ वर्षात एखाददुसऱ्या वेळी, काही वर्षी तेवढेही नाही. मात्र सूर्य नाही. डिसेंबराच्या उत्तरार्धात दिवस साडेआठ तासांचाही भरत नाही आणि दुपारी चार-वीसच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे भिजलेली वस्तू वाळत नाही. दोरीवर टाकलेले धोतर चार दिवस ओलेच राहील. अर्थात तेथे दोरीवर धोतर टाकण्याची सोय नाही, हा भाग वेगळा.

अशा हवेत उघड्यावर सहा महिने उभी असलेली गाडी गंजून जाईल, असे आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. आपल्या पिढीने ॲम्बॅसेडर आणि पद्मिनी गाड्यांच्या तळाचे पत्रे कुजलेले पाहिले आहेत. पायाखालचा गालिचा उचलावा तो खाली रस्ता दिसावा, असे प्रकार आमच्या पेठेत घडलेले आहेत. पण गंज म्हणजे काय, हे शाळेतील शास्त्राच्या पुस्तकात आपण सर्वांनीच वाचलेले असते. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले म्हणजे गंज चढतो; त्यात मीठ मिसळले तर तो दसपट जोमाने चढल्यासारखा दिसतो, आणि उष्णता वाढली तर आणखी घाई करतो. स्वच्छ पावसाचे पाणी रंगाच्या अखंड थरावरून ओघळून गेले तर ते लोखंडापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय १९८० नंतरच्या काळात मोटारीच्या पत्र्यास जस्ताचा मुलामा देण्याची पद्धत वाढत गेली. जस्ती बादली आणि साधी लोखंडी बादली यांतला फरक ज्याने विहिरीवर पाहिला आहे त्यास याचे महत्त्व सांगावयास नको.

खरा शत्रू मीठ. याची साक्ष आपल्या जवळच आहे. गोव्यातील आपले बंधू, विशेषतः वास्को-मुरगाव व पणजीकडील, आणि कारवारचे व्यापारी सांगतील की एकाच वर्षी घेतलेल्या दोन गाड्यांपैकी समुद्रकाठची गाडी आधी गंजते आणि घाटावरची मागून. पाऊस दोहींकडे भरपूर. फरक खाऱ्या वाऱ्याचा. अमेरिकेत हाच खेळ मिठाच्या पोत्यांनी होतो. मध्य व ईशान्य भागातील राज्यांत रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून हिवाळाभर मीठ टाकतात, आणि तेथील गाड्यांचे तळ त्यामुळे खाल्ले जातात. सिएटलला हा प्रसंग क्वचित येतो. किंबहुना २००८ सालच्या डिसेंबरात तेथे मोठे हिम पडले तेव्हा नगरपालिकेने खाडीचे पाणी खारावून जलचरांस इजा होऊ नये म्हणून मीठ टाकण्याचे नाकारले होते. रस्ते कित्येक दिवस काचेसारखे निसरडे राहिले आणि नागरिक चिडले. पुढल्याच वर्षी महापौर ग्रेग निकल्स निवडणुकीच्या पहिल्या फेरीत पराभूत झाले, त्याच्या कारणांत लोक हे हिमही मोजतात. पुढे नगरपालिकेने मिठाचा वापर सुरू केला. तथापि हिमच थोडे, म्हणून मीठही थोडे.

तेव्हा गंजाच्या भीतीने छप्पर घ्यावे, हे आम्हांस पटत नाही. उलट एक गोष्ट वखारीच्या अनुभवाने सांगतो. ओल बाहेरून येते तितकीच ती आत कोंडल्याने वाढते. भारतीय अन्न महामंडळ, म्हणजे आपल्या बोलण्यातील ‘फूड कॉर्पोरेशन’, उघड्यावर गहू साठविते ती पद्धत पुष्कळांनी पाहिली असेल. उंच जोते, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर पोत्यांची थप्पी आणि वरून काळे पॉलिथिनचे आच्छादन. त्या पद्धतीतील मर्म आच्छादन घालण्यात नाही, ते काढण्यात आहे. उघडीप मिळाली की आच्छादन वर सारून थप्पीस हवा द्यावी लागते. ती न दिली तर धान्याची स्वतःची वाफ आतल्या आत जिरते, वरच्या थरास बुरशी धरते आणि पोते फोडताच कुबट वास येतो. पावसाचा एक थेंबही न लागता माल गेलेला असतो. कोंडट मोटारखान्यात हेच होते. ओली गाडी आत घालून दार लावले की तिचे पाणी फरशीवर ठिबकते, वाफ खोलीत राहते, आणि रात्रभर गाडी दमट हवेत उभी. तीत मीठ लागलेले असेल व मोटारखाना उबदार असेल तर गंजास पर्वणीच. म्हणून बर्फाळ प्रांतातील जाणती माणसे आधी गाडीचा तळ धुऊन काढतात आणि मग ती आत घेतात. नुसत्या खांबांवरचे छप्पर या बाबतीत बंद खोलीपेक्षा बरे, कारण त्याच्या चारी बाजूंनी वारा खेळतो.

हे खांबांवरचे छप्पर तिकडे ‘कारपोर्ट’ या नावाने ओळखले जाते, आणि ते लोकप्रिय करण्याचे श्रेय बरेचसे फ्रँक लॉईड राइट या प्रसिद्ध वास्तुशिल्पकारास देतात. विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन गावी १९३६-३७ साली त्यांनी जेकब्स नावाच्या कुटुंबासाठी थोड्या खर्चातले घर बांधले, आणि त्यात मोटारखाना न ठेवता पुढे आलेल्या छपराखाली गाडीची जागा केली. त्यांचे म्हणणे अशा आशयाचे होते की मोटार म्हणजे घोडा नव्हे. तिला तबेला कशास पाहिजे? लक्षात घ्यावे, मॅडिसन हे सिएटलसारखे सौम्य थंडीचे गाव नाही. तेथे कडक हिम पडते. आरंभीच्या मोटारी उघड्या टपाच्या असत, आसने चामड्याची, सांगाडा पुष्कळसा लाकडी. १९०८ साली निघालेली फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ बहुतेकांनी उघड्या टपाचीच घेतली. अशा गाडीस पावसात ठेवणे म्हणजे बैठकीची खोली अंगणात मांडण्यासारखे होते. म्हणून घोड्याच्या पागेशेजारी तिला पागा मिळाली. पुढे गाडी बदलली. पागेची सवय राहिली. आज अमेरिकेतील कित्येक घरांच्या मोटारखान्यात गाडी सोडून सर्व काही असते: जुनी गादी, सायकली, नाताळच्या दिव्यांच्या माळा आणि न उघडलेली खोकी. गाडी बाहेर भिजत उभी! इतक्या महागाच्या जागेत इतका पडीक माल ठेवलेला आम्ही कोणत्याही बुडीत पेढीतही पाहिला नाही.

मग छपराचा गाडीस काहीच लाभ नाही काय? आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी आहे. त्या प्रांतात डग्लस फर नावाचे उंच सूचिपर्णी वृक्ष जिकडेतिकडे आहेत. त्यांच्या सुया आणि मेपलची रुंद पाने गाडीवर पडतात, आणि समोरच्या काचेच्या पायथ्याशी, पुसणीच्या दांड्यांखाली जी पाणी वाहून जाण्याची खाच असते, तीत जाऊन बसतात. खाच तुंबली की पाणी भलतीकडून वाट काढते व गाडीत शिरते. ज्या गाड्यांच्या टपास सरकती काच असते त्यांच्या कोपऱ्यातील बारीक नळ्यांचीही तीच कथा. खिडकीच्या रबरावर हिरवे शेवाळ आलेले आम्ही स्वतः नखाने खरवडले आहे. घरच्या पन्हळीत पिंपळाचे रोप उगवते तसलाच प्रकार. छप्पर असेल तर यांपैकी बहुतेक त्रास टळतो. पण तो पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटे हाताने पाने काढूनही टळतो, आणि दहा मिनिटांस महिना ७५ डॉलर हा दर आम्हांस चढा वाटतो.

दुसरा लाभ दहिवराचा. आभाळ निरभ्र असलेल्या रात्री उघड्यावरच्या काचेची ऊब आकाशाकडे निघून जाते, काच हवेपेक्षाही थंड होते व तिच्यावर बर्फाचा पातळ थर धरतो. सकाळी तो खरवडल्याशिवाय निघता येत नाही. वर नुसता पत्रा असला तरी ही ऊब अडते आणि काच बहुधा स्वच्छ राहते. परंतु सिएटलचा हिवाळा ढगांचा. निरभ्र रात्री मोजक्याच. व्हँकूवरचीही गोष्ट फारशी निराळी नाही.

येथे आपल्या ग्वाल्हेर, इंदूर व हैद्राबादच्या बंधूंनी मात्र आमच्या लेखाचा चुकीचा आधार घेऊ नये. वैशाखात ग्वाल्हेरीस पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि उन्हातील जंबुपार किरणे गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, काचेभोवतीचे रबर व आतील प्लास्टिक यांचा जो नाश करतात तो सिएटलचा पाऊस दहा वर्षांतही करणार नाही. छप्पर उन्हाच्या गावी अधिक कामाचे. पावसाच्या गावी कमी. आपण नेमके उलट समजून चालतो, कारण पाऊस डोळ्यांस दिसतो आणि ऊन पाठीस लागते.

इतका हिशेब मांडून आम्ही चिरंजीवांस सांगितले की पत्र्याचे भाडे हा निव्वळ खर्च आहे. त्यांचा पहिला मुलगा तेव्हा आठ महिन्यांचा होता. सूनबाई तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटले, “मामा, गाडीला काय व्हायचंय? भिजतं ते बाळ.”

या एका वाक्याने हिशेबाचे पान उलटले. वॉशिंग्टन राज्याच्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांखालील मुलास गाडीत मागे तोंड केलेल्या खास आसनात पट्ट्यांनी बांधून बसवावे लागते. हा नियम २०२० पासून लागू आहे. पट्टे अंगास घट्ट बसले पाहिजेत, म्हणून मुलाच्या अंगावरचा जाड कोट आधी काढावा असे तेथील जाणकार सांगतात. कोटाच्या जाडीने पट्टा सैल राहतो व अपघातात मूल निसटू शकते. आता कल्पना करावी. पहाटेचा अंधार, ३ अंश थंडी, बारीक पाऊस. आई दार सताड उघडून वाकलेली, मुलाचा कोट काढलेला, पट्ट्याची कळ लागत नाही, आणि तिच्या पाठीवरून ओघळणारे पाणी आसनावर ठिबकते आहे. ही एक-दोन मिनिटे रोज दोनदा, सहा महिने. छपराचा खरा गिऱ्हाईक येथे सापडला. तो गाडी नव्हे. गाडीत चढणारा व उतरणारा माणूस होय.

आमच्या मार्केट यार्डात हे तत्त्व कोणी न सांगता पाळले जाते. मालट्रक रात्रभर पावसात उभा असला तरी कोणी त्यावर मांडव घालीत नाही. हौद्यावर ताडपत्री आवळली म्हणजे झाले. पण ताडपत्री सोडून पोती हमालाच्या पाठीवर चढतात त्या जागी छप्पर नसेल तर व्यापारी ट्रक आत घेऊ देणार नाही. माल भिजतो तो वाटेत नव्हे, उतरताना भिजतो. ट्रकवर छप्पर नको, फलाटावर हवे. आणि फलाटापासून वखारीच्या उंबऱ्यापर्यंत मध्ये उघडी जागा असेल तर फलाटाच्या छपराचाही अर्धा उपयोग गेला.

हे शेवटचे वाक्य आमच्या घरी खरे झाले. चिरंजीवांनी घेतलेली पत्र्याखालची जागा वसाहतीच्या एका टोकास होती. तेथून त्यांच्या जिन्यापर्यंत आम्ही मोजलेली नव्वद पावले, आणि ती सर्व उघड्यातून. दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीच्या एका संध्याकाळी, पाचच्या सुमारास पूर्ण अंधार पडलेला असताना सौभाग्यवती हातात भाजीची पिशवी घेऊन त्या वाटेने येत होत्या. वाट फरशीची, तीवर मेपलची कुजलेली पाने, आणि पायरीच्या कडेस हिरवे शेवाळ. पाय सरकला व हात टेकला तो मनगटावर. हाड मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. प्रवासी विम्यातून काही रक्कम मिळाली, काही मिळाली नाही. त्या पत्रव्यवहाराची फाईल आमच्या अडतीच्या वहीहून जाड झाली आहे. वसाहतीच्या कचेरीने दुसऱ्या दिवशी पायरी घासून काढली आणि तेथे खरबरीत पट्टी चिकटविली. ती आधी चिकटविली असती तर वर्षास फार तर वीस डॉलरांचे काम होते.

गाडी त्या वेळी पत्र्याखाली कोरडी उभी होती.

म्हणून तिकडे घर घेणाऱ्या मुलांना आम्ही सांगतो की कचेरीने दाखविलेल्या नकाशावर छप्पर कोठे आहे हे पाहून सही करू नका. संध्याकाळी पाच वाजता, पाऊस चालू असताना, हातात दोन पिशव्या घेऊन जागेपासून दारापर्यंत चालून पहा. किती पावले उघडी आहेत? पायऱ्या किती, त्यांस धरावयास कठडा आहे काय, दिवा कोठवर पोहोचतो? जिन्याला लागून असलेली उघडी जागा ही टोकाच्या छपराखालच्या जागेहून पुष्कळ वेळा सरस ठरते. छप्पर असलेली आणि दारास लागून असलेली जागा मिळत असेल, आणि घरात तान्हे मूल, गरोदर बाई किंवा आमच्या वयाची माणसे असतील, तर ७५ डॉलर देण्यास आमची हरकत नाही. ते गाडीच्या खात्यावर न लिहिता घराच्या खात्यावर लिहावे. एकट्या तरुणाने, ज्याची पाठ मजबूत आणि जाकिटास टोपी आहे, त्याने हे पैसे वाचवून त्यातील थोड्या रकमेत पुसणीची नवी रबरे, पाणी धरून ठेवणारे रबरी पायपोस आणि वर्षातून दोनदा मेणाचा हात एवढे करून घ्यावे. तेथील जुने रहिवासी तर छत्रीदेखील फारशी उघडीत नाहीत.

गाडीच्या आतल्या ओलीकडे मात्र एकट्यानेही दुर्लक्ष करू नये. ओल्या बुटांनी आणलेले पाणी पायपोसात मुरते, सकाळी काचांवर आतून धुके धरते, आणि त्याच्यावर छपराचा काही उपाय नाही. ज्या यंत्राने उन्हाळ्यात थंड हवा मिळते तेच हिवाळ्यात उष्ण हवेबरोबर चालविले तर हवेतील ओल शोषून घेते व काच लगेच निवळते. हे आम्हांस प्रथम विचित्र वाटले. थंडीत थंडीचे यंत्र कशास, म्हणून आम्ही दोनदा ते बंद केले, आणि दोन्ही वेळा नातवाच्या बापाने न बोलता पुन्हा चालू केले.

बंद मोटारखाना घेणाऱ्यांस एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. थंडीत गाडी तापावी म्हणून दार लावून आत एंजिन चालू ठेवण्याची चूक जिवावर बेतते. एंजिनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही. तो भिंतीपलीकडच्या घरातही शिरतो. दार उघडे असले तरी गाडी बाहेर काढूनच उभी ठेवावी.

विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्यापासून या प्रश्नास आणखी एक फाटा फुटला आहे. त्या गाडीस पावसात वीज भरण्यास धोका नसतो, कारण जोडणी तशीच बनविलेली असते. पण जेथे आपला हक्काचा प्लग असेल अशी ठरलेली जागा मात्र लागते. अशी ठरलेली जागा बहुधा छपराखालचीच असते. म्हणजे लोक भाडे देतात ते प्लगाचे, आणि पावती मिळते छपराची.

चिरंजीवांनी मुदत संपताच कचेरीत जाऊन टोकाची जागा सोडली. जिन्यालगतच्या जागा सर्व उघड्या होत्या, आणि त्यांतील एक मोकळी होण्यास चार महिने लागले. मिळाली ती फरच्या झाडाखालची. जिन्याचा सज्जा पुढे आलेला असल्याने मागचे दार त्याच्या आडोशास येते व मुलास बांधताना पाठ भिजत नाही, म्हणून सूनबाई खूश आहेत. चिरंजीव दर रविवारी सकाळी खाचेतील सुया काढतात. मोठा नातू आता चार वर्षांचा आहे. काढलेल्या सुया मोजून ठेवण्याचे काम त्याने आपल्याकडे घेतले आहे, आणि फोनवर तो आम्हांस आकडा सांगतो.